पत्रकातली चूकदुरुस्ती

आमच्या मंडळीचं साप्ताहिक पत्रक मी गेली बावीस वर्षं काढते. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढच्या बाजूला उपासनेचा क्रम, गीतांचे क्रमांक आणि शास्त्रवाचन कोण करणार त्याचं नाव. मागच्या बाजूला बातम्या. कोण आजारी आहे, कोणाला नातू झाला, बुधवारची घरप्रार्थना कोणाकडे, वेदीवरची फुलं या खेपेला कोण आणणार, आणि महिला मंडळाची बैठक शनिवारऐवजी शुक्रवारी का, तर शनिवारी नळाला पाणी येतं. पुढची बाजू फारसं कुणी पाहत नाही. पाळकसाहेब उभे राहायच्या आत अख्ख्या चर्चची मागची बाजू वाचून झालेली असते.

मी मरिया रणनवरे. श्रीगोंदा तालुक्यातल्या याच गावात चौतीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. गाव मला ‘बाई’ म्हणतं आणि माझ्या माघारी ‘कडक बाई’ म्हणतं, हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटत नाही. मोबाईलवर मंडळीचा ग्रुप निघाला तेव्हा तरुण पोरं म्हणाली, बाई, आता कागद कशाला? मी म्हटलं, गेल्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर एका जिवंत माणसाला तिघांनी श्रद्धांजली वाहिली, आधी ते निस्तरा. तेव्हापासून तो विषय कुणी काढला नाही.

पत्रकातला सगळ्यात लाडका रकाना म्हणजे लग्नाचे वाढदिवस. आमच्याकडे पद्धत आहे. ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस त्या आठवड्यात येतो, ते जोडपं रविवारी नाव पुकारलं की वेदीपुढे जातं. नवरा उजवीकडे, बायको डावीकडे, लग्नात उभे होते तसे. मंडळी एक कडवं गाते आणि पाळकसाहेब दोघांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवून प्रार्थना करतात. घरून भांडून आलेली जोडपीसुद्धा तेवढी दोन मिनिटं शहाण्यासारखी उभी राहतात.

दोघांतलं एक गेलं की नाव निघतं. हा नियम माझाच. दफनभूमीतून घरी आले की हातपाय धुवायचे, कॉम्प्युटर लावायचा, आणि वाढदिवसांच्या यादीतून आणि लग्नाच्या यादीतून नाव काढून टाकायचं. पत्रक मागल्या वर्षीच्या पत्रकावरूनच बनतं. त्यामुळे काढायचं राहिलं तर ते नाव भर चर्चमध्ये पुकारलं जाणार. मागे राहिलेल्या माणसावर असा प्रसंग येऊ नये, म्हणून ही घाई. नऊ वर्षांपूर्वी आमचे हे गेले, त्या संध्याकाळीही मी तेच केलं. ‘श्री. पॉल व सौ. मरिया रणनवरे’ ही ओळ माझ्याच बोटाने काढली. नियम म्हणजे नियम.

यंदा जुलैत राहीबाई मकासरे गेल्या. मातीहून आल्यावर मी नेहमीप्रमाणे बसले. वाढदिवसांच्या यादीतून नाव काढलं आणि लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा मी कांदा चिरत होते. पुढचं सांगायला नको.

नोव्हेंबरचा चौथा रविवार. पत्रकं वाटायला उशीर झाला होता, मागची बाजू अजून कुणी पाहिली नव्हती. सूचना वाचायला बिभीषण उजागरे उभे राहिले. हे आमच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी, साखर कारखान्यातून निवृत्त, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. पत्रक आधी नजरेखालून घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. हातात कागद आला की थेट सुरू. “लग्नाचे वाढदिवस,” ते म्हणाले, “श्री. सहादेव व सौ. राहीबाई मकासरे.”

सगळ्यांनी हातातला कागद उलटून पाहिला. मी तिसऱ्या बाकावर होते. राहीबाईंच्या शवपेटीला या बिभीषणरावांनीच खांदा दिला होता. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता मला बाकावर उभं करतात की काय.

मागून काठीचा आवाज आला. सहादेवबाबा उठले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पांढरा सदरा, टोपी काढून हातात घेतलेली. कुणीतरी त्यांना थांबवेल असं मला वाटलं, पण कुणाचा हात उठला नाही. ते वेदीपुढे गेले आणि उजव्या बाजूला उभे राहिले. डावीकडे एका माणसाची जागा सोडली.

आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड पारधे, सप्टेंबरातच बदलून आले. तिशीचे आहेत. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी हसून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी नाही आल्या?”

“येत हुती की,” सहादेवबाबा म्हणाले. “अठ्ठावन्न वर्सं येत हुती संगं. औंदा मी एकलाच आलोय, सायेब.”

पाळकसाहेबांनी मंडळीचे चेहरे पाहिले आणि त्यांना समजलं. त्यांचे कान लाल झाले. सवयीने त्यांचे दोन्ही हात आधीच वर गेले होते. उजवा हात त्यांनी बाबांच्या डोक्यावर ठेवला. डावा हात हवेत होता, राहीबाईंचं डोकं जिथे आलं असतं तिथे. तो त्यांनी खाली घेतला नाही. तसाच धरून प्रार्थना संपवली. कडवं गाताना निम्म्या लोकांचा आवाज फुटेना, आणि मी तर गायलेच नाही.

बाहेर पडल्यावर जो तो मला गाठत होता. “बाई, तुमच्या हातून?” एवढंच म्हणायचे, पण ते एवढंच मला पुष्कळ होतं. बिभीषणराव म्हणाले, “मला तोंडघशी पाडलंत, बाई.” मी म्हटलं, “आधी वाचलं असतं तर पडला नसतात.” उत्तर बरोबर होतं, पण चूक माझी होती, आणि चूक माझी असताना मला बरोबर उत्तरं सुचतात हा माझा जुना दोष आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपून ग्रुपवर टाकलं होतं. सोमवारी सकाळी फोन वाजला. सहादेवबाबांचा मुलगा इमॅन्युएल. नगरला सावेडीत राहतो, नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. माझा विद्यार्थी, अक्षर चांगलं होतं त्याचं.

“बाई, तुम्ही आम्हाला एका वेलांटीसाठी तासभर उभं करायचात,” तो म्हणाला. “आता माझ्या बापाला उभं केलंत, सगळ्या गावासमोर. आई जाऊन चारच महिने झालेत. लोक व्हिडिओ बघतायत.”

“माझं चुकलं, इमॅन्युएल,” मी म्हटलं.

“मला सांगून काय उपयोग? जिथे छापलंत तिथेच छापा, की चुकलं म्हणून. मी येतोय रविवारी.”

तो रागाने बोलत होता आणि त्याचा आवाज रडवेला होता. मी काही मनाला लावून घेतलं नाही. पोराची आई गेली होती.

बुधवारी घरप्रार्थनेनंतर पंचकमिटी बसली. चहा येण्याच्या आत ठराव झाला. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापायची. मजकूर बिभीषणरावांनी उभ्या उभ्या सांगितला: ‘गेल्या अंकात श्री. सहादेव मकासरे यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची नोंद नजरचुकीने छापली गेली. त्याबद्दल दिलगीर आहोत.’ मी लिहून घेतला. हरकत घ्यायला जागाच नव्हती. शाळेत मी पोरांना हेच सांगत आले, की चूक लाल शाईने दाखवावी म्हणजे ती परत होत नाही.

पण छापण्याआधी त्या माणसाला समोर जाऊन सांगावं, एवढी रीत मला आहे. गुरुवारी दुपारी मी मकासऱ्यांच्या वस्तीवर गेले. गावापासून दोन किलोमीटरवर त्यांची लिंबाची बाग आहे, बागेच्या कडेला दोन खोल्या. सहादेवबाबा खाली पडलेली लिंबं वेचून पाटीत टाकत होते.

“सलाम, बाई! या या,” ते म्हणाले. “मीच येनार हुतो तुमच्याकडं, पर गुडघं ऐकत न्हाईत.”

त्यांनी खाट झटकली आणि मला बसवलं. नको नको म्हणताना चहा ठेवला. चहा इतका गोड होता की पहिल्या घोटाला दात शिवशिवले. साखरेचा अंदाज त्यांना अजून आला नव्हता. ते काम राहीबाईंचं होतं. मी सगळा प्यायले. मग शब्द जुळवायला लागले आणि माझी नजर भिंतीवर गेली. त्यांच्या लग्नाचा जुना फोटो होता, आणि त्याच्या काचेमागे, खालच्या कोपऱ्यात, माझ्या पत्रकाचा तुकडा कात्रीने नीट कापून सरकवलेला. लग्नाचे वाढदिवस. श्री. सहादेव व सौ. राहीबाई मकासरे.

त्यांनी मला बघताना पाहिलं.

“समदीकडनं तिचं नाव गेलं, बाई,” ते म्हणाले. “रेशनकार्डातनं काढलं. मतदार यादीतनं काढलं. ब्यांकेत गेलो, त्या पोरीनं मशिनीत कायतरी दाबलं न् म्हनली, झालं आजोबा, काढलं. इमॅन्युएलनं माज्या मोबाईलमधला तिचा नंबर बी काढला. म्हनला, आता कशाला. त्येचं काय चुकलं? समदे माज्या चांगल्यासाठीच काढत्यात. पर ज्यो त्यो मला म्हनतो, झालं, काढलं. तुमी एकल्यांनी ठिवलं.”

“बाबा, ते जे छापलं ना...”

“म्हंजी मला बी पयलं वाटलं, चुकून ऱ्हायलं आसंल.” ते हसले. “मंग म्हनलं, न्हाई. कडक बाईंच्या हातनं चुकून न्हाई ऱ्हायाचं. ऱ्हाग नगा मानू, समदे म्हनत्यात तुमाला.”

जन्मभर ज्या नावाचा मला मनातून अभिमान होता, ते नाव असं येऊन माझ्या तोंडावर हात ठेवेल असं कधी वाटलं नव्हतं.

“तितं उबा ऱ्हायलो न् पाळकसायबांनी तिच्या जाग्यावर हात धरला,” बाबा म्हणाले, “तवा मला वाटलं, हाय. आपलं लगीन आजून हाय. मी हाय तंवर हाय.” त्यांनी टोपीने डोळे पुसले आणि लगेच टोपी झटकली, जशी काय तिलाच धूळ लागली होती. “फुडल्या वर्सी साठ हुत्यात, बाई. तवा बी ठिवा. मी असलो तर येईन. नसलो तर मंग दोघांचं येकदमच काढा.”

सांगायला गेले होते, ते न सांगता पिशवीभर लिंबं घेऊन परत आले. वाटेत मला स्वतःचा इतका राग आला की एका कुत्र्यावरही ओरडले.

आता काय करायचं? चूकदुरुस्ती छापली तर रविवारी बिभीषणराव ती खणखणीत आवाजात वाचणार, आणि सहादेवबाबांना सगळ्यांसमोर कळणार की त्यांच्या राहीबाईंचं नाव कुणी ठेवलं नव्हतं, ते नुसतं राहिलं होतं. काचेमागचा तो तुकडा ते काढून टाकतील. माझ्या हातून त्या बाईचं नाव आणखी एकदा निघेल. न छापावी तर ठराव मोडला, इमॅन्युएल येऊन बसणार, आणि बावीस वर्षांचं काम माझ्याकडून काढून घेतील. घ्या म्हणावं. पण खोटं तर मला लिहिता येणार नव्हतं. ‘मुद्दाम छापलं’ असं लिहिणं माझ्या हाताला जमलंच नसतं.

शुक्रवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि का कोण जाणे, जुनी पत्रकं उघडत बसले. अगदी पहिल्या वर्षापासून. लग्नाच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की कोण कधी नाहीसं झालं ते दिसतं. लंकाबाई भिंगारदिवे आणि त्यांचे दाऊदराव, सतरा वर्षांपूर्वी. मे महिन्यातला एक रविवार लंकाबाई कधी चुकवत नाहीत, ताप असला तरी येतात, हे मी दरवर्षी पाहत होते. त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस असतो, हे मला त्या यादीत दिसलं. यादी माझीच होती.

खाली सरकत गेले. बिभीषण व एस्तेर उजागरे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एस्तेर गेली. मातीला चौघांनाच परवानगी होती, तेही प्लास्टिकचे पोशाख घालून. मी घरूनच नाव काढलं. पुढच्या फेब्रुवारीत बिभीषणरावांनी नेहमीसारख्या सूचना वाचल्या, लग्नाचे वाढदिवस वाचले, त्यात स्वतःचं नाव नव्हतं, आणि ते पुढच्या सूचनेवर गेले. त्यांच्या आवाजात काही फरक पडला होता का? मला आठवेना. मी तेव्हा शुद्धलेखन तपासत असणार.

अशी सात नावं निघाली, ज्यांच्यातलं एक अजून रविवारी बाकावर येऊन बसतं. मी कुणाच्या काळजाला लागू नये म्हणून काढली होती. एकालाही विचारलं नव्हतं. मग मी रडले. चांगली रडले, पदर ओला होईपर्यंत, आणि तोंड धुऊन मजकूर लिहायला घेतला.

शनिवारी कागद घेऊन गोरक्षच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर उभे होते, दोन-दोन ट्रेलर लावलेले, त्यामुळे पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. गोरक्ष माझाच विद्यार्थी. आमच्या चर्चशी त्याचा संबंध इतकाच, की दर शनिवारी आमच्या सव्वाशे प्रती काढतो. पण मशीन तापेपर्यंत पत्रक वाचतो, आणि त्यामुळे कोणाचा वाढदिवस कधी हे आमच्या पाळकांपेक्षा त्याला जास्त माहीत आहे.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मशीनचं बटन दाबायला गेलेला हात मागे घेतला.

“बाई, ह्यात पॉल सरांचं न्हाई.”

“पत्रक काढणाऱ्याने स्वतःचं नाव घालू नये,” मी म्हटलं. “दाब बटन.”

“काढायला चाललं, अन् घालायला न्हाई चालत व्हय?”

एवढं सरळ वाक्य तो माझ्या वर्गात एकदाही बोलला नव्हता.

“सर वर्गात शिरताना कायम वाकायचे,” गोरक्ष म्हणाला. “आमी मागं बसून पैज लावायचो, आज डोकं चौकटीला लागतंय का न्हाई. लागलं की सर सोताच हसायचे.” त्याने गल्ल्याजवळचं पेन उचलून माझ्यासमोर धरलं. “ल्ह्या, बाई. मी थांबतो.”

छापील सात नावांखाली मी आठवं नाव हाताने लिहिलं. पॉल आणि मरिया रणनवरे. बाकीच्या नावांना श्री नाही, सौ नाही, श्रीमती नाही. तसंच आमचंही नुसतं नाव. फळ्यावर जन्मभर सरळ ओळीत लिहिणारी मी, पण ती ओळ शेवटी खाली गेली. गोरक्षने ती तशीच सव्वाशे वेळा छापली.

रविवारी इमॅन्युएल आला होता. बायको आराधना बरोबर होती, आणि दोघांच्या मधे सहादेवबाबा. इमॅन्युएलने पत्रक हातात घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. त्याला ते ऐकायचं होतं. मी माझ्या तिसऱ्या बाकावर बसले होते.

बिभीषणराव उठले. गेल्या आठवड्यात एवढं होऊनही त्यांनी कागद आधी पाहिलेला नव्हता. मजकूर त्यांचाच होता, मग पाहायचा कशाला. घसा खाकरून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“चूकदुरुस्ती. गेल्या अंकात सहादेव व राहीबाई मकासरे यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची नोंद आली आहे. ती बरोबर आहे.”

ते अडखळले. माझ्याकडे पाहिलं. पण माईकसमोर थांबणं हा त्यांचा स्वभाव नाही, ते पुढे गेले.

“त्याआधीच्या बावीस वर्षांत मात्र पुढील नावे या रकान्यातून काढण्यात आली, ही चूक आहे. ती संबंधितांना न विचारता झाली आणि ती पत्रक काढणारीची आहे. मंडळीची क्षमा मागून ही नावे आम्ही रकान्यात परत घेत आहोत. लंका आणि दाऊद भिंगारदिवे.”

पुढच्या बाकावर लंकाबाईंनी शेजारणीचा हात धरला. बिभीषणराव वाचत गेले. दुसरं नाव, तिसरं, चौथं. पाचव्या नावाशी आवाज थांबला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

“एस्तेर,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “आणि बिभीषण उजागरे.”

एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी वाचताना ऐकलं नव्हतं. उरलेली नावं त्यांनी तशीच हळू वाचली, हाताने लिहिलेलं शेवटचंही.

मागून सहादेवबाबांचा आवाज आला. त्यांना वाटलं ते कुजबुजतायत, पण कानाने कमी असलेल्या माणसाची कुजबुज सगळ्या चर्चला ऐकू जाते. “बग,” ते मुलाला म्हणत होते, “म्या म्हनलं नव्हतं? बाईंच्या हातनं चुकून न्हाई ऱ्हायाचं.”

मी वळून पाहिलं. इमॅन्युएल माझ्याकडेच बघत होता. चूक होती हे त्याला पक्कं माहीत होतं. सोमवारी मीच कबूल केलं होतं. त्याने मान खाली घातली आणि वडिलांच्या खांद्याभोवती हात टाकला.

पाळकसाहेब उठून वेदीपुढे आले. “ज्यांची नावं आज रकान्यात परत आली,” ते म्हणाले, “त्यांनी पुढे यावं. कोणाचा वाढदिवस कुठल्या महिन्यात ते आज पाहायचं नाही. पुष्कळ वर्षं राहून गेलंय.”

लंकाबाई सगळ्यांत आधी उठल्या. मग एकेक करत बाकीचे. बिभीषणराव कागद हातात घेऊनच आले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकाने आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडली. आठ माणसांची रांग पेटीवाल्यापासून थेट बाजूच्या दारापर्यंत गेली. शेवटी मी उभी राहिले, दाराजवळ, डाव्या बाजूला, आणि उजवीकडे जागा सोडली. नऊ वर्षांत मी तिथे उभी राहिले नव्हते. पायांना ती जागा लगेच कळली.

मंडळी गायला लागली. या वेळी आवाज फुटला. पाळकसाहेब एकेकापुढे थांबत आले; एक हात डोक्यावर, दुसरा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर. लंकाबाई हुंदके देत होत्या. बिभीषणराव डोळे गच्च मिटून उभे होते. रांगेच्या शेवटी पाळकसाहेब माझ्यापाशी आले. त्यांचा तळहात माझ्या डोक्यावर टेकला, उबदार होता. दुसरा हात त्यांनी माझ्या उजवीकडे धरला, माझ्या कानाच्या उंचीला.

त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी आमच्या यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

“थोडा वर,” मी म्हटलं. “ते उंच होते.”

पाळकसाहेबांनी हात वर नेला. “इथे?”

“अजून थोडा.”